बिनआवाजाची दाढी

"एका थोबाडाची दिवसातून दोनदा दाढी, ही काय चेष्टा आहे? सकाळी उठून घरी खरवडायची आणि मग इथे येऊन परत खरवडून घ्यायची. गालांवरून विस्तव फिरवल्यासारखं होतंय."

पोस्टमन बाकावर बसल्या बसल्या कुरकुरत होते. नोकरीतून मोकळे होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण पोस्टमन हे नाव काही सुटलं नव्हतं, आणि हळू बोलायची सवय तर मुळातच नव्हती.

"हळू बोला," शेजारी बसलेले ड्रायव्हर म्हणाले. "तुमचं बरं आहे. तुम्हाला येतातच चार खुंट. माझी दाढी म्हणजे तण आहे. घरून करून निघतो, आणि कोपऱ्यावर उभा राहून परत हात फिरवून बघतो, कुठे राहिली तर नाही ना. जन्मभर बस चालवली, तिची कधी एवढी तपासणी केली नाही."

पडद्यामागे टॉवेल पिळणाऱ्या बारकीनं डोकं बाहेर काढलं आणि नुसतं बघितलं. दोघंही मास्तर वर्गात आल्यासारखे गप्प झाले.

दुकान म्हणजे एक खोली. एक खुर्ची, तिच्यासमोर एक आरसा, भिंतीला टेकून बाक, मागे पडदा आणि पडद्यामागे नळ आणि शेगडी. खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची भिंत होती, त्यामुळे दुपारच्या बारालासुद्धा खोलीत संध्याकाळ असायची. खुर्चीवर कंपाउंडर डोळे मिटून पडले होते आणि अण्णा त्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत होते. वस्तरा जायचा, फेस निघायचा, खाली गुळगुळीत कातडी. ती सकाळीच गुळगुळीत झालेली असते, ही गोष्ट अण्णा सोडून तिथल्या सगळ्यांना माहीत होती.

"काय हात आहे तुमचा!" कंपाउंडर डोळे मिटूनच म्हणाले. "वस्तरा लागला कधी आणि निघाला कधी, कळतसुद्धा नाही."

"हं," अण्णा म्हणाले, आणि कंपाउंडरांच्या धाकट्या सुनेच्या माहेरची चौकशी करू लागले.

बारकी सेहेचाळीस वर्षांची होती. हे नाव पडलं तेव्हा खरं होतं; पुढे दोन बाळंतपणांनी आणि वजनकाट्यानं त्यावर हरकत घेतली, पण चिकटलं ते चिकटलंच. आई गेल्यापासून ती दोन गल्ल्या ओलांडून रोज वडिलांच्या दुकानात यायची. केर, टॉवेल, गरम पाणी, चहा. वस्तऱ्याला हात लावायचा नाही. सोळाव्या वर्षी एकदा म्हणाली होती, अण्णा, मला शिकवा की. अण्णा हसले होते. वाईट नव्हते हसले, पण हसले होते. मग भावाला हाताशी घेतलं, तर त्याला साबणाच्या वासानं शिंका यायच्या. तो आता लांबच्या शहरात फरशा विकतो आणि फोनवर विचारतो, "अण्णांचं कसं चाललंय?"

"चाललंय," बारकी सांगते. याहून खरं असं तिला काही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी याच खुर्चीवर कंपाउंडरांच्या कानाची पाळी कापली होती. थोडीशीच, पण कानाला रक्त फार. पांढरा टॉवेल बघता बघता लाल झाला, आणि अण्णा मात्र कानाच्या दोन बोटं खाली, जिथे काहीच झालं नव्हतं, तिथे तुरटी दाबत बसले. बारकीनं ते बघितलं. कंपाउंडरांनी आरशात बघितलं. बाकावरच्या दोघांनी बघितलं. मग अण्णा म्हणाले, "धार जरा जास्तच लागली आज," आणि सगळे घाईघाईनं म्हणाले, हो हो, धारच जास्त लागली.

त्याच आठवड्यात बारकी चारी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आली होती. दारातच उभं राहून, पदराशी चाळा करत, तिनं एकच विनंती केली होती: दुकानात यायचं सोडू नका, फक्त येताना घरून दाढी करून या. म्हणजे वस्तऱ्याला काढायला काही नाही, जोर लावायला नको, आणि कापायची भीती कमी. कोणीही फाटे फोडले नाहीत. पोस्टमन म्हणाले, "एवढंच ना?" आता कुरकुरत होते ते सोडा, पण वर्षभरात एकदाही चुकले नव्हते. नवं कोणी दारात आलं तर बारकी पुढे होऊन सांगायची, आज गर्दी आहे हो, कोपऱ्यावर नवं दुकान झालंय, तिकडे जा.

आणि आणखी एक गोष्ट झाली होती, ती कोणी न ठरवता. त्या खोलीतून एक शब्द हद्दपार झाला होता. 'दिसतं का' असं कोणी विचारत नसे. चष्मा सापडला का, पेपर वाचून दाखवू का, पायरी ओली आहे हं, असं सगळं बोलणं व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आले तेव्हा अण्णा म्हणाले होते, "वयाप्रमाणे आहे म्हणाले." बारकी दाराबाहेरच्या खुर्चीत बसली होती आणि तिनं आतलं सगळं ऐकलं होतं. जिथे नजर लावाल तिथेच डाग, कडेकडेचं तेवढं राहील, आणि यावर औषध नाही. रिक्षात बसताना तिनंही म्हटलं, "वयाप्रमाणेच आहे."

असं चाललं होतं, आणि आणखी चाललं असतं. पण घड्याळजी पडले.

घड्याळजी म्हणजे अण्णांचे जुने मित्र. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. अडतीस वर्षं दर गुरुवारी ते या खुर्चीत बसले होते. ठरलेल्या चारांतले चौथे. न्हाणीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यातच हृदयाचंही काहीतरी निघालं. त्यांच्या पत्नी, ज्यांना बारकी काकू म्हणायची, दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या.

"तीन आठवडे ठेवतायत हॉस्पिटलात," काकू म्हणाल्या. "दाढी ही एवढी वाढलीय. नर्सनं मशीन लावलं तर भिंतीकडे तोंड केलं. म्हणतात, घरी गेल्यावर कारागीर येईल."

"येईल म्हणजे? येणारच," अण्णा म्हणाले. "घरी आणलं की पहिला गुरुवार माझा. सांगा त्याला."

काकूंनी मान हलवली आणि जाता जाता बारकीला दाराशी ओढलं. "गोळ्या दिल्यात रक्त पातळ करायच्या. सुई टोचली त्या जागी तासभर कापूस धरून बसले होते मी. बारके, एवढंसं जरी कापलं ना…" अण्णांच्या डोळ्यांबद्दल त्याही बोलल्या नाहीत. त्यांनाही सगळं माहीत होतं.

हातात चमचा धरता येत नाही असा माणूस घरून दाढी करून कसा ठेवणार? बारकीनं रात्रभर इकडून तिकडे कुशी बदलल्या. अण्णांना जाऊ नका म्हणायचं, तर का ते सांगावं लागेल. जाऊ द्यायचं, तर पांघरुणातला तो म्हातारा आणि ती वर्षभरापूर्वीची कानाची पाळी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी अण्णा कुलूप चाचपत होते तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, मला शिकवा."

"काय?"

"दाढी. केर काढून काढून कंटाळा आला."

तीस वर्षांपूर्वीसारखे ते हसतील अशी तयारी तिनं केली होती. ते हसले नाहीत. चाचपत किल्ली कुलपात बसवली. मग म्हणाले, "तीन आठवड्यांत कोणी कारागीर होत नाही."

तीन आठवडे हा शब्द तिनं काढलेला नव्हता.

पहिले चार दिवस वस्तरा उघडायचाच नव्हता. नुसता मिटलेला धरायचा, तीन बोटं पाठीवर, करंगळी शेपटीवर, अंगठा खाली. "मनगटाचं लाकूड करू नकोस," अण्णा सांगायचे. "मूठ आवळलीस तर वस्तरा रागावतो. आणि डावा हात कुठाय तुझा? दाढी डाव्या हातानं करायची असते. डाव्यानं कातडी ताणायची, उजवा नुसता चालत येतो." ते मागे उभे राहून तिचा हात चाचपायचे, बोट न् बोट, आणि चुकलेलं बोट उचलून जागेवर ठेवायचे. लहानपणी त्यांनी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती ती अशीच.

पाचव्या दिवशी धार. भिंतीतल्या खिळ्याला चामड्याचा पट्टा अडकवलेला होता. त्यावर वस्तरा पाठीच्या बाजूनं ओढायचा, टोकाशी पोहोचला की पाठीवरच उलटायचा आणि परत आणायचा. अण्णांचा हात तिथे पाण्यासारखा चालायचा. बारकीनं सहा वेळा नीट ओढला, सातव्या वेळी हाताला वेग आला आणि वस्तरा पाठीऐवजी धारेवर उलटला. चर्रर. पट्ट्यात नखाएवढी चीर.

ती घाबरून उभी राहिली. पट्टा अण्णांच्या गुरूंचा होता.

अण्णांनी चिरेवरून बोट फिरवलं. मग तिचं बोट धरून पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाशी नेलं. तिथेही एक चीर होती, जुनी, कडा गुळगुळीत झालेली. "ही माझी," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो. गुरूंनी दोन दिवस जेवायला बोलावलं नाही." मग पट्टा सरळ करत म्हणाले, "तू जेव."

मग आठ दिवस तिनं स्वतःच्या हातांवर सराव केला. डावा हात कोपरापर्यंत तासून झाला, उजव्यावर उलट्या हातानं चालवणं जमेना, मग पोटऱ्या. साबण वाळला तर कातडी ओढते, पाणी जास्त झालं तर वस्तरा घसरतो, हे सांगून कळलं नव्हतं ते दोन-तीन चरे पडल्यावर कळलं. घरी नवऱ्यानं विचारलं, "हाताला काय झालं?"

"शिकतेय."

"आणि मग माझ्याकडे अशी का बघतेस?"

त्यानंतर तो तोंडावरून चादर ओढून झोपू लागला.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी, दुपारी दुकान बंद करून, अण्णा स्वतः खुर्चीत बसले. ते स्वतःची दाढी अजून स्वतःच करायचे, आरशाकडे पाठ करूनसुद्धा, आणि त्यांच्या गालावर कधी ओरखडा नसायचा. आपली कातडी आपल्याला कळते, त्याला डोळे लागत नाहीत. आता त्यांनी चार दिवस दाढी वाढवून ठेवली होती. तिच्यासाठी. पांढरे खुंट, खोलीतल्या त्या मळक्या उजेडात राखेसारखे.

बारकीनं गरम टॉवेल ठेवला, फेस केला, ब्रश गोल गोल फिरवला. वस्तरा उघडला. वडिलांचा चेहरा इतक्या जवळून तिनं किती वर्षांत बघितला नव्हता. डोळ्यांखालची कातडी पातळ कागदासारखी झाली होती, आणि डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, कानाच्या पलीकडे कुठेतरी लागले होते. कडेनं बघत होते ते तिला.

"कल्ल्यापासून घे," ते म्हणाले. "आणि आता बोलायचं नाही. दाढी चालू असताना बोलायचं नाही. ऐकायचं."

तिनं कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. खर्रर.

बारीक, कोरडा, सुक्या पानावरून बोट फिरवल्यासारखा आवाज. तिनं हात उचलला.

"ऐकलंस?"

"हो."

"तो आवाज धरून चालायचं. वस्तरा जास्त उभा झाला की आवाज मोठा होतो, किंचाळतो. फार आडवा झाला की बुडतो. केस पिकलेला असला की आवाज वेगळा, काळ्या केसाचा वेगळा. मऊ पडला की समज तिथली दाढी निघाली. मला माझ्या गुरूंनी डोळ्यांवर फडकं बांधून शिकवलं होतं. डोळ्यांचं काम थोडंच असतं यात, खाचाखोचांपुरतं. कान, तीळ, गळ्याची हाडं. बाकी सगळं कानानं आणि बोटांनी. दाढी कुठल्या बाजूची, कालची की परवाची, घाईत केलेली की निवांत, सगळं कळतं. आणि खाली काहीच नसलं, तर आवाजच नाही."

हे शेवटचं त्यांनी इतरांसारख्याच सुरात सांगितलं.

बारकीचा वस्तरा हवेत राहिला. फेस गालावर वाळायला लागला होता.

"कर की," अण्णा म्हणाले. "साबण वाळतोय."

तिनं केली. पूर्ण केली. हनुवटीच्या खळीत एकदा टोचलं आणि रक्ताचा लाल ठिपका आला. अण्णा फक्त "तुरटी" म्हणाले. प्रत्येक वेळी वस्तरा पुसायला बाजूला कागद होता, आणि त्या कागदावर फेसात पांढरे बारीक कण येत होते, मीठ पडल्यासारखे. बारकी त्या कागदाकडे बघत राहिली. वर्षभर दुकानातले असे कागद तिनंच उचलले होते, तिनंच टाकले होते. नुसता फेस. शुभ्र, रिकामा फेस. तिला कधी वाटलं नव्हतं की त्यात काही असायला हवं. असायला हवं हे ज्याला ठाऊक होतं, त्याच्या बोटांना तो फेस रोज लागत होता.

चौघांच्या घरी जाऊन आलेली ती शहाणी! माणूस बघू शकत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असा हिशेब तिनं केला होता, आणि तोही कारागिराच्या बाबतीत.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन खुर्चीत बसले तेव्हा ती पडद्याआड उभी राहिली आणि तिनं टॉवेल पिळणं थांबवलं. नळ बंद केला. वस्तरा पोस्टमनांच्या गालावरून चालत होता आणि आवाज नव्हता. काहीच नव्हता. होता तो अण्णांच्या बोलण्याचा. पेन्शन, हवा, पोस्टमनांचा गुडघा, नातवाची सायकल. अखंड बोलत होते. एरवी ज्यांनी अख्खं आयुष्य गिऱ्हाइकाला "श्श, हलू नका" म्हणून गप्प बसवलं, ते अण्णा गेल्या वर्षभरात बोलके झाले होते. सगळ्यांना केवढं कौतुक! म्हातारपणी माणूस खुलला म्हणायचे. बारकीही म्हणायची.

तो आवाज नाही हे झाकायला ते बोलत होते. पोस्टमनांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"वा," खुर्चीतून उठता उठता पोस्टमन म्हणाले, "कळलंसुद्धा नाही."

"हं," अण्णा म्हणाले.

बारकीला एकदम रडू फुटेल असं झालं, म्हणून तिनं नळ पूर्ण सोडला. पोस्टमनांना सांगावं, तर ते आजपासून यायचे नाहीत, लाजेनं. अण्णांना सांगावं, तर काय? त्यांना काय सांगायचं राहिलं होतं? चार म्हातारे अण्णांना सांभाळत होते आणि अण्णा चार म्हाताऱ्यांना. मधे ती, टॉवेल पिळत. तिनं तोंडावर पाणी मारलं, चहा केला, आणि चहात साखर घालायची विसरली. कोणी काही म्हटलं नाही. त्या खोलीत कोणी कशाबद्दलच काही म्हणत नसे.

गुरुवारी सकाळी अण्णांनी पेटी भरली. दोन वस्तरे, ब्रश, साबण, तुरटी, कागद. बारकीनं टॉवेल घेतले. रस्त्यानं ते नेहमीसारखे तिच्या अर्धं पाऊल मागे चालत होते, तिच्या कोपराला हात न लावता, पण लावता येईल इतक्या अंतरावर. ती मनात वाक्यं जुळवत होती. काका, अण्णांचा खांदा धरलाय, आज मी करते. किंवा, काका, मी नवीन शिकलेय, माझी परीक्षा घ्या. दोन्ही चांगली होती. दोन्हींत खोटं फार नव्हतं. वर्षभरात अशी वाक्यं जुळवायचा तिचा हात चांगला बसला होता.

घड्याळजींच्या खोलीत भिंतभर घड्याळं होती. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि परत न नेलेली, आणि त्यांची स्वतःची. बारकीला ती खोली आठवायची ती टिकटिकीसकट; लहानपणी तिथे झोपायला ठेवलं तर तिला झोप यायची नाही. आज एकही चालत नव्हतं. चावी द्यायचं काम घड्याळजींचं, आणि काकूंचा हात वर पुरत नव्हता. सगळे काटे वेगवेगळ्या वेळांवर थांबले होते. खोलीत औषधाचा आणि बंद खिडकीचा वास होता.

"आलास," घड्याळजी म्हणाले. उशीवर नुसता चेहरा उरला होता, आणि त्याच्यावर तीन आठवड्यांची दाढी. "गुरुवार विसरलास की काय वाटलं."

"तुझ्यासारखं नाही माझं, घसरून पडायला," अण्णा म्हणाले. "वाघ झालायस की नुसता."

"वाघ कसला. सिंह तरी म्हण. फुकटचं आहे तर मोठं बोल."

काकू हसल्या. हसताना त्यांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच काढलं.

बारकी पुढे झाली. "काका, आज…"

"पाणी आण, बारके," अण्णा म्हणाले. ती गरम पाणी आणेपर्यंत त्यांनी मित्राच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले होते. कपाळापासून गळ्यापर्यंत, सावकाश, जणू वाचत होते. कात्रीनं लांब केस कमी केले. ते त्यांना बोटांच्या मापानं सहज जमलं. मग फेस. किती तरी वेळ ते ब्रश फिरवत राहिले. घड्याळजींनी सुखानं डोळे मिटले.

तिनं परत तोंड उघडलं, आणि अण्णांनी वस्तरा उघडला.

गालावर, कल्ल्याच्या खाली, त्यांनी वस्तरा टेकवला आणि खाली आणला.

खर्रर.

घड्याळं बंद पडलेल्या त्या खोलीत तो आवाज मोठा वाटला. अण्णांचा हात थांबला. बारकीनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. वर्षभरानंतर त्यांच्या हाताखाली दुसऱ्याची खरी दाढी आली होती. गावाहून आलेल्या माणसाची हाक ओळखावी तसा त्यांचा चेहरा झाला, क्षणभर. त्यांनी आणखी एकदा वस्तरा ओढला, सरळ, सुंदर, जबड्याच्या कडेपर्यंत. कातडीवर ओरखडासुद्धा नाही. ते काहीच बोलत नव्हते. ऐकत होते.

मग गळा आला. घड्याळजींचा गळा म्हणजे हाडं, खळगे आणि मधोमध उडणारी एक जाड शीर, आणि ती सैल पडलेली सगळी कातडी श्वासागणिक जागा बदलत होती. अण्णांचं डावं बोट शिरेवर गेलं, बाजूला झालं, परत गेलं. मान त्यांनी तिरकी केली, एकदा इकडून, एकदा तिकडून, डोळ्यांच्या कडेत काही सापडतंय का बघत. वस्तरा गळ्यापासून बोटभर वर थांबून राहिला. थांबूनच राहिला.

घड्याळजींनी डोळे उघडले. "काय रे?"

काकू चटकन उठल्या. "उजेड कमी पडतोय का, भाऊजी? ही खोलीच अशी मेली अंधारी. दिवा लावते. थांबा, तो मोठा दिवा आणते बाहेरचा."

"बघा ना," बारकी म्हणाली, "आणि अण्णांचा खांदाही कालपासून…"

"दिवा नको, वहिनी."

अण्णांनी वस्तरा मिटला नाही. तो त्यांनी कागदावर पुसला, पातं स्वतःकडे घेतलं आणि मूठ बारकी उभी होती त्या बाजूला केली. जरा चुकलीच बाजू. तिला एक पाऊल सरकावं लागलं. कागदावरच्या फेसात काळे-पांढरे बारीक कण होते. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

"वर्ष झालं," ते मित्राला म्हणाले, "सगळे घरून दाढी करून येतात. तू पण यायचास. मी नुसता साबण काढायचो तुमच्या तोंडावरचा. म्हटलं, तुमच्या मनाला तेवढं बरं वाटतंय तर वाटू दे."

घड्याळजींच्या गळ्याची शीर फेसाखाली उडत होती. पांघरुणातून त्यांचा हात बाहेर आला आणि अण्णांच्या सदऱ्याची कड धरून राहिला.

"गळ्याला उलटी करू नकोस, बारके, सुलटीच कर," अण्णा म्हणाले. "डावा हात ताण. घाई नको, मी बाजूला बसून आवाज ऐकतो. तू कर. मला दिसत नाही."